थोडं सरकता का?

एसटीत बसून माणसं न्याहाळायची असतील, तर पहिली अट अशी की आधी बसायला मिळालं पाहिजे. उभ्याने निरीक्षण होत नाही, उभ्याने फक्त दांडा धरणं होतं. म्हणून हा अभ्यासक्रम दुसरबीडच्या थांब्यावरूनच सुरू करावा. मेहकरकडून सिंदखेडराजा-जालन्याला जाणारी गाडी सुलतानपूर, बिबी असं भरत भरत इथे येते. ती पूर्ण थांबायच्या आत खिडकीतून दस्ती आत टाकावी. दस्तीचा हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण दुसऱ्याच्या दस्तीवर बसणाऱ्याकडे सगळी गाडी ज्या नजरेने बघते, त्या नजरेने कोर्टातही कुणी बघत नाही. चप्पल मात्र टाकू नये. दाराशी रेटारेटीत आपण खालीच राहिलो, तर उरलेल्या एका चपलेचं करायचं काय?

बसल्यावर थोडी थिअरी. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसातल्या अंतरावर एक पुस्तक लिहिलं. दीड फुटाच्या आत फक्त जिवलग, चार फुटांपर्यंत ओळखीचे, बारा फुटांपर्यंत कामापुरते आणि त्यापलीकडे उरलेलं जग, असा त्याचा हिशेब. आता लाल गाडीची रुंदीच आठेक फूट. त्यात जुन्या गाडीत एकीकडे तिघांचं बाकडं, दुसरीकडे दोघांचं, आणि मधल्या वाटेत सोयाबीनचा कट्टा. हॉलसाहेबांच्या मापाने गाडीत चढणारा प्रत्येक जण आपला जिवलग ठरतो. गंमत म्हणजे किनगाव राजा येईपर्यंत तो खरोखरच तसा वागायलाही लागतो.

नवशिक्याने सुरुवात झोपलेल्या प्रवाशापासून करावी. खिडकीजवळचा माणूस खरा झोपलाय की जागा वाचवायला झोपलाय, हे ओळखणं सोपं आहे. खड्डा आला की खऱ्या झोपलेल्याची मान लुळी पडते, सोंग घेतलेल्याची ताठ राहते. तरी शंका राहिलीच तर कंडक्टरची वाट बघावी. डोळे न उघडता ज्याच्या मुठीतून बरोबर सुट्टे पैसे बाहेर येतात, तो जागा आहे.

त्यानंतर ‘कुठं उतरता भाऊ?’ या प्रश्नाकडे वळावं. उभ्या माणसाचा हा प्रश्न चौकशीचा नसतो, ते रिझर्व्हेशन असतं. ‘जालना’ म्हटलं की तो पुढच्या बाकड्याकडे सरकतो. ‘किनगाव’ म्हटलं की तो तुमच्या खांद्याशी उभा राहतो आणि त्या क्षणापासून तुमची जागा त्याची होते. तुम्ही फक्त ती राखताय. किनगावला उतरायचं असून जालना सांगणारेही भेटतात. अशांची वेगळी नोंद ठेवावी आणि त्यांच्याशी व्यवहार करू नये.

खरा अभ्यास चौथ्या माणसाचा. तिघांच्या बाकड्यावर चौथा बसतो तेव्हा तो जागा मागत नाही, ‘थोडं’ मागतो. ‘थोडं’ हे एसटीतलं अधिकृत माप आहे. त्यात आधी चार बोटं येतात, मग एक मांडी आणि शेवटी अख्खा माणूस. तिघंही ‘कुठं सरकू आता?’ असं म्हणत म्हणत सरकतात आणि जागा होते. ती कुठून येते हे मी पुष्कळ वेळा बारकाईने बघितलं, पण प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी कुणाची तरी थैली आडवी आली.

आज्यांना ‘थोडं’ म्हणायचीही गरज नसते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून दुपारच्या गाडीत लेकीकडे निघालेल्या आज्या जास्त दिसतात, असं माझं आपलं निरीक्षण. तिकीट शून्य रुपयांचं, पण बसण्याचा हक्क पुरेपूर. (१२ जानेवारीला, जिजाऊ जन्मोत्सवाच्या दिवशी, सिंदखेडराजाच्या गाडीत निरीक्षण करू नये. त्या दिवशी आपला हात कोणता हे शोधण्यातच प्रवास संपतो.)

निरीक्षकाने तटस्थ राहावं, ही शेवटची सूचना. मी वही-पेन घेऊन पूर्ण तटस्थ बसलो होतो. दुसरबीडला एक आजी चढल्या, ‘सरक रे बाप्पा जरासा’ म्हणत टेकल्या आणि कापडी थैली माझ्या मांडीवर ठेवली. ‘धर रे बाबू. अंडी हायेत, दाबू नको.’ वहीत तोवर तीन ओळी झाल्या होत्या. पुढे सिंदखेडराजापर्यंत दोन्ही हात थैलीला होते, आणि आजी माझ्या खांद्यावर मान टाकून, प्रत्येक खड्ड्याला ती लुळी पडू देत, खऱ्याखुऱ्या झोपल्या होत्या.

उतरायच्या आधी त्यांनी थैली उघडली आणि माझ्यासमोरच अंडी मोजली.