भुवईचे गुण

वाद्यवृंदसंचालन, म्हणजे स्वतः एकही सूर न काढता साठ-सत्तर वादकांना बारीक काठीने एकत्र चालवण्याची विद्या. तिच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी पाश्चात्त्य संगीतविद्यालये बहुधा आधी चित्रफीत मागवतात, आणि तीत कॅमेरा वादकांच्या बाजूने संचालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला लागतो, म्हणजेच वाद्यवृंद चालवायला शिकण्यासाठी तो आधीच पदरी असावा लागतो. १९५४ साली हीच विद्या शिकायला व्हिएन्नाला गेलेल्या झुबिन मेहतांच्या वडिलांनी निदान मुंबईत एक उभारला होता. कर्जत-खालापुरात आहे ती बेंजो पार्टी. टायपरायटरसारख्या कळांचे ते तंतुवाद्य गळ्यात अडकवलेला तिचा म्होरक्या, वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामाला चुकवत, दोन्ही हात गुंतलेले असताना नुसत्या भुवईने ताशेवाल्याला थांबवतो, पण त्या वेळी कॅमेरा अर्थातच मामावर असतो.