चौकाचं रात्रकाम
घोडबंदर रोडवरचा चौक सुधारायचा तर काम रात्रीच करायला हवं, हे पटतं. दिवसा तिथे रिक्षेलाच जागा नाही, रोलरला कुठून मिळणार? म्हणून अकराच्या सुमारास बॅरिकेड लागतात, रस्ता फोडायचा ब्रेकर सुरू होतो आणि आसपासच्या सोसायट्या उठून बसतात. निवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. ब्रेकरला वाचता येत नसावं.

मग येतं मास्टिक. चौकात गाड्या सतत ब्रेक मारतात, साधं डांबर सरकून त्याच्या लाटा होतात, म्हणून हे घट्ट मिश्रण, जवळपास 200 अंशांना तापवलेलं. त्या वाफेत कामगार गुडघ्यांवर बसून लाकडी थापीनं ते सारखं करतात. काम सुरेख होतं, खोटं कशाला बोला! सकाळी चौक नुसता आरसा.

पुढच्या आठवड्यात जलवाहिनीवाले तोच आरसा फोडतात. तेही रात्रीच, नागरिकांची गैरसोय नको म्हणून.

पाणी, गॅस, केबल आणि डांबर या चारही खात्यांच्या साहेबांनी एकदा दिवसाउजेडी एकत्र चहा प्यावा, एवढीच विनंती. बिल सोसायटी भरेल.