तळघरातल्या लाल बटणास अनावृत पत्र

मा. लाल बटण यांसी,
मुक्काम तळघर, नव्या बॉयलरची दर्शनी बाजू, मॅसॅच्युसेट्स.

स. न. वि. वि.

नव्या बॉयलरबरोबर आपण आमच्या घरी रुजू झालात, त्याचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. घरात इतका गारठा होता की हातमोजे काढून पेन धरवेना.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात जिथे गॅसची लाइन पोचलेली नाही, तिथली जुनी घरं अजून तेलावर तापतात. तळघरात २७५ गॅलनची टाकी, शेजारी बॉयलर, आणि भिंतींच्या कडेनं खोल्याखोल्यांतून फिरणारं गरम पाणी. या कारभारात आपलं काम पहाऱ्याचं. बर्नरनं ज्योत धरली नाही की सगळं बंद झालेलं असतं, आणि कुणीतरी जाणता येऊन कारण शोधेपर्यंत ते तसंच राहावं म्हणून आपण तिथे असता. आमच्या घरात मात्र येताक्षणी आपल्याकडे दुरुस्ती खातं सोपवण्यात आलं.

माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे बंद करून परत चालू केलं की निम्मे आजार बरे होतात. जानेवारीत बाहेर उणे १५ सेल्सिअस असताना घर गार पडलं, तेव्हा तो टॉर्च घेऊन खाली गेला आणि त्यानं आपल्याला दाबलं. घरघर झाली, ज्योत पेटली, पाइप कटकट वाजू लागले. स्वारी विजयी मुद्रेनं वर आली. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत खालचा आवाज थांबला. परत जिना, परत आपण.

आपल्याला दाबलं की नेमकं काय होतं, हे एकदा उघड बोलायला हवं. पंप तेल ओढतो, नॉझल त्याचं धुकं करून फवारतं, इलेक्ट्रोड ठिणगी टाकतात. समोर कॅड सेल नावाचा एक डोळा बसवलेला असतो. अंधारात त्याचा रोध लाख ओहमच्या पलीकडे असतो, ज्योत दिसली की तो हजाराच्या आसपास उतरतो. नव्या कंट्रोलमध्ये साधारण १५ सेकंदांत डोळ्याला ज्योत दिसली नाही तर बर्नर बंद. पण तेवढ्या वेळात जवळजवळ एक मोठा चमचा तेल भट्टीत पडलेलं असतं, न जळता. पुन्हा दाबलं की आणखी एक चमचा. कंट्रोल बनवणाऱ्यांना माणसांची ओळख असावी, कारण ओळीनं काही वेळा असं झालं की कंट्रोल पक्कं कुलूप लावतो. ते उघडायला आपल्याला बराच वेळ दाबून धरावं लागतं. ही सोय फक्त तंत्रज्ञांसाठी आहे. ती कशी वापरायची याचे व्हिडिओ सर्वांसाठी आहेत.

नवऱ्याच्या दाबादाबीनंतरच्या धडाक्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. साचलेलं तेल एकदम पेटलं, धुराड्याच्या नळीवरची झडप खाडकन आपटली, आणि दोरीवर वाळत घातलेल्या गंजीफ्रॉकांवर बारीक, तेलकट काजळी बसली. तिला घासू नये. घासली की ती कापडात आणखी मुरते.

बॉयलर बसवणाऱ्यांना फोन केला. उत्तर आलं, ‘‘नवीन आहे, त्याला काय होणार? बटण दाबून बघितलंत का?’’ आपली कीर्ती किती दूरवर पोचलीय पाहा. पुढे त्यांचा माणूस आला, त्यानं नॉझल बदललं. मग डोळा बदलला. जाताना प्रत्येक वेळी आपल्याला दाबून, घर तापलेलं दाखवून गेला.

शेवटी तेल पुरवणाऱ्यांकडचा एक म्हातारा तंत्रज्ञ आला. त्यानं आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही, राग मानू नये. पंपाच्या ब्लीडरला त्यानं पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बरणीत सोडलं. इथे घर तापवायच्या तेलात तांबडा रंग घातलेला असतो, त्यामुळे नळीत लालभडक धार दिसायला हवी होती. आला तो गुलाबी फेस. तेलात हवा होती.

मग तो तांब्याच्या नळीवर बोट फिरवत निघाला. टाकीपासून वर छताला, छतावरून खाली बॉयलरपर्यंत. नव्या बॉयलरसाठी जिथे जुनी नळी जोडली होती, तिथे बोट थांबलं. कॉम्प्रेशन फिटिंग. तेलाच्या नळीवर ते चालत नाही. नळीचं तोंड फुलवून फ्लेअर जोड करावा लागतो. खाली थेंबभरही तेल नव्हतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. पंप तिथून तेल खेचत होता, त्यामुळे तो जोड गळत नव्हता, हवा ओढून घेत होता. त्यानं नळी कापली, फ्लेअर केला, हवा काढली, आणि बरणीत लाल धार पडू लागली. धूर तपासायची पट्टी पांढरी निघाली, धुरातला कार्बन डायऑक्साइड १२ टक्के भरला. हे आकडे त्यानं बॉयलरला टांगलेल्या कार्डावर लिहिले. तोवर ते कार्ड कोरं होतं. म्हणजे बसवणाऱ्यांनी मोजमापच घेतलं नव्हतं. ज्योत दिसली, बिल दिलं.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे आपण एका दिवसात एकदाच दबावं. दुसऱ्यांदा कुणी बोट पुढे केलं, तर त्याला कृपया कार्डावरचा तंत्रज्ञाचा फोन नंबर दाखवावा. दुरुस्ती खातं आपल्याकडून काढून घेतलं आहे. पहारा कायम आहे.

कळावे,
आपली वरच्या मजल्यावरची रहिवासी

ता. क. जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा जो इमर्जन्सी स्विच आहे, त्यालाही समज द्यावी. पुण्याहून आलेल्या मावशींनी खोलीतून निघताना दिवा घालवायच्या शिस्तीनं परवा तो घालवला. बॉयलरची वीजच गेली. नवरा टॉर्च घेऊन थेट आपल्याकडे आला आणि दाबतच राहिला.