नियमवाले मामा

धाराशिव जिल्ह्यात चार माणसं आणि एक सतरंजी एका जागी आली, की पाचवा माणूस आपोआप उगवतो. तो कुणाचा तरी मामा असतो. गाव उमरगा असो, कळंब असो की परंडा, मामा तेच. साठी ओलांडलेली, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा एसटीच्या डेपोत झालेली, एका खिशात चष्म्याचं घर आणि दुसऱ्या खिशात रबर बँड लावलेला पत्त्यांचा जोड. त्या जोडातल्या चौकटच्या तिर्रीचा कोपरा दुमडलेला आहे, हे घरातल्या लहानसहान पोरांनाही ठाऊक असतं. मामांची समजूत अशी, की ते एकट्या त्यांनाच माहीत आहे.

मामा खेळायला बसतात असं म्हणणं तितकंसं खरं नाही. ते नियम सांगायला बसतात. मधूनमधून पत्ते टाकतात, एवढंच.

"आधी ठरवून घ्या. मागून कटकट नको," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग ठरवण्याची जी कटकट सुरू होते, तिच्यात चहाची एक फेरी सहज संपते. मेंढीकोट खेळायचा तर बंद हुकूम की कट हुकूम? बंद हुकमात एकाचा पत्ता आधीच पालथा ठेवायचा. कट हुकमात ज्याच्याकडं उतारीचा रंग पहिल्यांदा संपेल, त्यानं टाकलेल्या पत्त्याचा रंग हुकूम होणार. इथपर्यंत सगळे मान डोलावतात. पण एखाद्यानं बंद हुकूम उघडायला लावला, तर त्याच हाताला त्यानं हुकूम मारलाच पाहिजे, की दुसरा पत्ता टाकला तरी चालतो? या एका प्रश्नावर जिल्ह्यात जितकी घरं, तितकी मतं आहेत. वाशीच्या मेहुण्यांकडं सक्ती, भूमच्या साडूंकडं मोकळीक. मामांच्या मते दोघंही चूक, कारण "आमचे अण्णा तसं खेळायचे नाहीत." मामा ज्यांचा हवाला देतात, त्यातलं कुणीही आज हयात नसतं. उलटतपासणीची सोय त्यांनी ठेवलेलीच नाही.

यात मामांचा फार दोष नाही. मेंढीकोटाचं पुस्तक घेऊन कोण शिकलंय? बावन्न पत्ते, समोरासमोर बसणारे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, ओढल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर हरणाऱ्याला वर्षभर तोंड लपवायची वेळ. हे सगळं आजोबांच्या मांडीवरून नातवाच्या डोक्यात जातं आणि जाताना थोडं सांडतं. जे सांडतं, ते मामा गोळा करतात. ज्या जिल्ह्याचं जुनं नाव लावणाऱ्या उस्मानाबादी शेळीची ख्याती देशभर आहे, तिथली माणसं पत्त्यातल्या चार मेंढ्यांवरून दिवाळीच्या फराळापर्यंत एकमेकांशी अबोला धरतात. ही शेळीवर थोडी अन्यायाचीच गोष्ट आहे.

तिघंच असले तर पाच-तीन-दोन. तीस पत्ते, प्रत्येकी दहा, आणि ज्याला हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पत्ता ओढायचा. हा ओढण्याचा विधी मामा सावकारी गांभीर्यानं पार पाडतात. समोरच्याच्या हातातल्या पानांवरून बोट फिरवत, त्याच्या डोळ्यांत बघत, नेमका एक्का उचलतात. पोरं म्हणतात मामांना मन वाचता येतं. मागच्या कपाटाला आरसा आहे, याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

घर भरलेलं असलं, म्हणजे लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याची मंडळी आलेली, की मोठ्यांचे डाव मागं पडतात आणि बदाम सात निघतो. आठ-दहा जण सहज बसतात, नवी सून बसते, पहिलीतलं पोरगंही बसतं. निरुपद्रवी म्हणून या खेळाची ख्याती आहे, आणि मामांचा खरा स्वभाव बघायचा तर तो इथंच. इस्पिकची आठ्ठी हातात धरून ते शेवटपर्यंत बसतात. पहिलीतलं पोरगं इस्पिकची नव्वी, दश्शी, गुलाम घेऊन रडकुंडीला येतं. "टाका की हो मामा!" सगळं घर ओरडतं. मामा शांतपणे सुपारी कातरतात. "नियमात बसतंय का नाही, तेवढं सांगा." बसतं. तीच तर अडचण आहे.

पत्त्यांपेक्षा मामांचा अधिकार जास्त चालतो तो कवड्यांवर. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची पंचवीस घरं आखायची, चार कडांच्या मधल्या घरांवर आणि ऐन मध्यावर फुली मारायची, आणि चार कवड्या हातात खुळखुळवून टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरायला परवानगी नाही. कुणी याला चंफूल म्हणतं, कुणी चल्लस-आठ, कुणी नुसतंच कवड्या. नावावर मामा वेळ घालवत नाहीत. त्यांचं डोकं गुंतलेलं असतं ते सतरंजीच्या काठाला टेकून अर्धवट उभ्या राहिलेल्या कवडीत. ही उताणी धरायची की पालथी? पुन्हा टाकायची तर चारही, की एकटी तीच? अशा वेळी मामा पोटावर पालथे झोपतात, एक डोळा मिटतात आणि कवडीकडं जमीन मोजणाऱ्या भूकरमापकाच्या नजरेनं बघतात. निकाल बहुधा त्यांच्याच बाजूनं लागतो.

या जिल्ह्यात कवडी ही साधी वस्तू नाही. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, आणि तुळजापुरात देवळाच्या वाटेवरच्या दुकानांत त्या माळा टांगलेल्या असतात. तेव्हा माळेतून निखळलेली कवडी खेळाला घ्यावी का, हा प्रश्न घराघरांत येतोच. मामांचा निवाडा ठरलेला आहे: माळेतली देवीची, खेळातली वेगळी विकत आणायची. मग धाकटा भाचा विचारतो, की दुकानदार दोन्ही कवड्या एकाच पोत्यातून काढतो, त्याचं काय? यावर मामा त्याला पाणी आणायला पाठवतात.

पण भाचाही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो परत येतो तो भारतीबुवांचा मठ घेऊन. तुळजापुरातल्या या मठात भवानीमाता बुवांशी सारीपाट खेळायला यायची, अशी आख्यायिका आहे. देवी स्वतः सोंगट्या खेळते, तर तिच्या कवड्यांनी आपण खेळलो म्हणून बिघडलं काय? मामा क्षणभर अडखळतात. मग सावरून म्हणतात, "देवी सारीपाट खेळायची. हे चंफूल आहे. खेळ वेगळा, नियम वेगळे."

सहलीला वेरूळला नेलं तरी मामा हेच करतात. २१ क्रमांकाच्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळतानाचं शिल्प आहे, आणि खाली गण नंदीच्या खोड्या काढतायत. सगळे फोटो काढत असतात. मामा पाटावर किती घरं आहेत ते मोजायचा प्रयत्न करतात आणि खालच्या गणांकडं बोट दाखवून म्हणतात, "बघा, तेव्हापासून खेळाजवळ पोरांना बसू देऊ नये."

वर्षातली एक रात्र पूर्णपणे त्यांची. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजापूरची देवी पाच दिवस श्रमनिद्रेला जाते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांनी त्या वेळी रस्ता फुलून गेलेला असतो. घरोघरी कोजागरीचं दूध आटत असतं. बाकीच्यांना कोजागरी म्हटलं की केशर, वेलदोडा आणि चंद्र आठवतो. मामांना आठवतं, की कोजागरीच्या जागरणात धर्मशास्त्रानं अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ, सांगितलेला आहे. एरवी एकादशी कधी आहे हे मामींना विचारणारा हा माणूस त्या रात्री अचानक शास्त्री होतो. दहा वाजता झोपायला निघालेल्या जावयालाही तो धर्माच्या नावानं बसवून ठेवतो.

पैसे मात्र लावायचे नाहीत. हा मामांचा एकमेव नियम, जो त्यांनी स्वतः कधी मोडलेला नाही. स्थानिक पेपरात दर आठवड्याला पोलिसांची बातमी असते, अमुक ठिकाणी झाडाखाली तिरट जुगार खेळताना इतके जण पकडले, जुगार कायद्याच्या कलम १२(अ) खाली गुन्हा. मामा ती बातमी मोठ्यानं वाचतात, मग जोड पिसायला घेतात. तिरट वेगळं आणि आपलं वेगळं, हे सांगताना ते थेट सर्वोच्च न्यायालयात जातात, आणि गंमत म्हणजे इथं ते बरोबर असतात. सिकंदराबादच्या एका क्लबात चालणाऱ्या रमीवरून खटला झाला होता, तोही निजामाच्या काळच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. आपला जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यातला, १९४८ पर्यंत. १९६७ साली न्यायालयानं म्हटलं, की रमीत कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा यात कौशल्य लागतं, त्यामुळं ती तीन पत्त्यांच्या खेळासारखी निव्वळ नशिबाची नाही. मामांनी हा निकाल वाचलाय की कुणाकडून ऐकलाय, ते गुलदस्त्यात आहे. पण पोलीस पाटलांच्या पोरानं ओट्यावरचा डाव बघून नुसतं "काय करलालाव मामा?" असं विचारलं, तरी त्याला हे सगळं ऐकावं लागतं. त्याला फक्त चहा हवा असतो.

बाजी म्हणून मग काय? भुईमुगाच्या शेंगा. हंगाम असला तर हुरड्याच्या शेतात, ज्वारीच्या ताटांत बसून, प्रत्येकाच्या पुढ्यात शेंगांचा ढीग. फार मोठी सभा असली तर कुंथलगिरीचे पेढे. पेढ्यांचा डाव कधी पूर्ण होत नाही, कारण भांडवल खेळाडूंच्या पोटात जातं.

शेंगांवरूनच एकदा मामींचं तोंड उघडतं. मामी भाकरी उरकून, पदराला हात पुसत डावात बसतात. त्यांना नियम येत नाहीत, असं मामा सगळ्यांना सांगतात. त्या जिंकतात, हे सांगायचं राहून जातं. पडलेला प्रत्येक पत्ता त्यांच्या लक्षात असतो. त्या १९६७ च्या निकालातलं कौशल्य घरात कुणाकडं असेल, तर मामींकडं. मामांच्या शेंगा संपल्या आणि त्यांनी ओंजळभर उसन्या मागितल्या, की मामींना माहेर आठवतं. माहेर महानुभाव पंथाचं. चक्रधरस्वामींच्या पूर्वाश्रमातली हकिकत त्यांनी लहानपणापासून ऐकलेली: द्यूतात हरल्यावर त्यांनी पत्नीकडं दागिने मागितले आणि तिनं द्यायला नकार दिला. पुढं त्यांना वैराग्य आलं. "नवऱ्यानं हरल्यावर मागितलं तर द्यायचं नसतंय," मामी शेंगांवर पदर ओढत म्हणतात, "त्यानं त्याचं कल्याणच होतंय." मामांना अजून वैराग्य आलेलं नाही.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पिकाच्या चिंतेतल्या या भागात त्यावर बरंच संतापून बोललं गेलं. मामाही संतापले, पण वेगळ्याच मुद्द्यावर. "एकट्यानं पत्ते? मग चूक कोण दाखवणार?"

मोबाइलशी त्यांचं हे भांडण जुनं आहे. ल्यूडोचं पेटंट इंग्लंडमध्ये कुणी घेतलं असेल, मामांच्या लेखी ती आपलीच पचिशी, साहेबी कपडे घालून आलेली. तेवढं ते चालवून घेतात. नवी मुंबईच्या कंपनीनं २०१६ मध्ये आणलेलं लुडो किंग टाळेबंदीत घरोघर पोचलं, तेव्हा पुण्याच्या नातवंडांनी मामांनाही त्यात ओढलं. रात्री नऊला चौघं चार गावांतून बसायचे. मामांचा पहिला प्रश्न: "फासा टाकतंय कोण?" फोन टाकतो, असं कळल्यावर दुसरा: "आणि फोन कुणाचा भिडू?" सहा येईना, सोंगटी बाहेर निघेना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाद घालायला जागाच नाही. चुकीची चाल फोन करूच देत नाही. तीन सहा लागोपाठ पडले तर काय, हे विचारायच्या आत फोन त्याचा निकाल लावून मोकळा. आठवडाभरात मामांनी डोळे दुखायचं कारण काढलं.

अलीकडं मात्र घरातूनच त्यांच्या राज्याला धक्का बसलाय. धाकटी सून लातूरची. तिनं पहिल्या दिवाळीत मामांचे सगळे नियम निमूट ऐकले. दुसऱ्या दिवाळीत ते लिहून काढून घराच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले आणि खाली लिहिलं, "सगळ्यांनी अंगठा द्यावा." चौदा जणांनी दिला. मामांनी दिला नाही. नियम लिहिले गेले तर ते सगळ्यांचेच होणार, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी मजकुरावर हरकती घेतल्या. आधी तोंडी, मग व्हॉइस मेसेजनं, एकेक चार मिनिटांचा. सुनेनं त्यातल्या दोन मान्य केल्या आणि तिसरीवर उत्तर दिलं, की मागच्या वर्षी मामांनी स्वतःच याच्या उलट सांगितलं होतं, तारखेसकट. मामींनी त्या उत्तराखाली दोन अंगठे दिले.

सध्या वाटायची पाळी सुनेची आहे. मामांनी जोड कापून दिलाय. कापताना त्यांनी तळाचा पत्ता बघितला की नाही, यावर डाव थांबलेला आहे, आणि चहा पुन्हा टाकायला सांगितलाय.