चपटी लेन्स घ्यावी की घेऊ नये : निर्णयाची शास्त्रोक्त पद्धत

व्याख्या

जिची फोकल लेंग्थ बदलत नाही ती प्राइम लेन्स. आणि कॅमेऱ्यावर चढवल्यावर नुसते झाकणच लावले आहे की काय असे वाटते, ती चपटी प्राइम लेन्स. शालेय पुस्तकातले नाभीय अंतर म्हणजेच ही फोकल लेंग्थ. व्यापारात या लेन्सला पॅनकेक म्हणतात. मराठीत घावन म्हणायला हरकत नव्हती, पण मापे पाहता ती घावनापेक्षा बालुशाहीच्या जवळ जाते. या वर्गाचा प्रमाण नमुना म्हणून कॅननची 2012 साली आलेली ईएफ 40 मिमी एफ/2.8 एसटीएम घेता येते. तिचा व्यास 68 मिमी, जाडी 22.8 मिमी आणि वजन 130 ग्रॅम. पुढील सर्व पायऱ्या तिलाच धरून दिल्या आहेत.

चपटेपणाचे कारण सोपे आहे. कॅननच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्स बसवायच्या कड्यापासून सेन्सर 44 मिमी मागे असतो. फोकल लेंग्थ या अंतराच्या आसपास असली की भिंगांना फारशी कसरत करावी लागत नाही. ती बरीच कमी असेल, तर प्रतिमा आरशाच्या पलीकडे ढकलण्यासाठी साधारणपणे जादा भिंगे लागतात. बरीच जास्त असेल, तर नळीच लांबते. थोडक्या भिंगांत तीक्ष्ण प्रतिमा मिळते, हे झाइस कंपनीच्या पॉल रुडोल्फ यांनी 1902 साली चार भिंगांच्या टेसारने दाखवून दिले होते. प्रस्तुत लेन्समध्ये सहा आहेत. तात्पर्य, चपटेपणा हे काटकसरीचे फळ आहे. काटकसरीची वस्तू जादा खर्च करून घ्यायची असल्यामुळेच पुढील पद्धत आवश्यक ठरते.

पायरी पहिली : झडती

इच्छुकाने गेल्या वर्षभरातले हजार फोटो संगणकावर उघडावेत. प्रत्येक फाइलमध्ये फोटो किती फोकल लेंग्थला काढला याची नोंद असते. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स 18-55 ची असेल, तर बहुतेक फोटो 18 ला किंवा 55 ला काढलेले आढळतात. याचा अर्थ फोकल लेंग्थ छायाचित्रकाराने ठरवलेली नसून, झूमची रिंग जिथे अडली तिथे ती ठरली आहे. 40 च्या आसपास फारसे काही सापडत नाही.

या पुराव्याचे दोन अर्थ निघतात. एक : 40 वापरलीच जात नाही, म्हणून ती शिकण्यासाठी लेन्स घ्यावी. दोन : रिंग फिरवण्याचा उपयोगच होत नाही, म्हणून झूमची रिंग नसलेली लेन्स घ्यावी. दोन्ही अर्थ खरेदीच्या बाजूचे असल्याने झडतीचा निकाल ग्राह्य धरू नये आणि दुसऱ्या पायरीकडे वळावे.

पायरी दुसरी : चिकटपट्टी

किट लेन्सची रिंग 35 च्या खुणेच्या जरा पुढे आणून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. पट्टी आठ दिवस काढू नये. या प्रयोगाला येणारा खर्च लेन्सच्या किमतीपुढे नगण्य असतो. कदाचित म्हणूनच तो फारसा कोणी करत नाही.

निष्कर्ष तीन प्रकारचे असतात. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तर 40 मिमी मानवलेली नाही असे समजावे. पट्टी लावली आहे हेच विसरायला झाले, तर लेन्स मानवेल. आठ दिवसांत कॅमेरा कपाटाबाहेरच आला नाही, तर दोष फोकल लेंग्थचा नाही. हा तिसरा निष्कर्ष वहीत ठळक लिहून ठेवावा. निकालाच्या वेळी तो लागतो.

पायरी तिसरी : खोली

प्राइम लेन्सचा झूम पायात असतो, असे सांगितले जाते. पाय मागे सरतात. भिंत सरत नाही. म्हणून टेप घेऊन खोली मोजावी. 10 बाय 12 च्या खोलीत छायाचित्रकाराने पाठ भिंतीला टेकवली आणि मंडळी समोरच्या सोफ्यावर बसली, तर मधे जेमतेम 3 मीटर उरतात. एवढ्या अंतरावर 40 मिमीच्या लेन्सला फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 2.7 मीटर रुंदीचे दृश्य मावते. कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर तेच 1.67 मीटर होते. पहिल्या आकड्यात सोफा बसतो, दुसऱ्यात सोफ्यावरचे तिघे. चौथ्या व्यक्तीची समजूत कशी घालावी, हा प्रकाशशास्त्राचा विषय नाही.

क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी कॅननने 2014 साली 24 मिमीची ईएफ-एस लेन्स आणली. लहान सेन्सरपुरतीच बनवलेली असल्याने तीही 22.8 मिमीच जाड आहे आणि वजनाला 125 ग्रॅम. तिच्यातून 3 मीटरवर पावणेतीन मीटरहून थोडे अधिक दिसते, म्हणजे चौथी व्यक्ती परत येते. शिवाय ती 16 सेंटिमीटरवरून फोकस करते. 40 ला 30 सेंटिमीटर लागतात. ताटातल्या मोदकाचा फोटो खुर्चीवरून न उठता काढायचा असेल, तर हा फरक निर्णायक आहे.

पायरी चौथी : उजेड

40 च्या आसपास किट लेन्सचे अपर्चर एफ/5 च्या घरात असते. एफ/2.8 ला सुमारे तिप्पट प्रकाश आत येतो. म्हणजे शटर 1/20 सेकंदाऐवजी 1/60 ठेवता येते. केकवर फुंकर मारणारे मूल 1/20 ला ढगासारखे उमटते, 1/60 ला ओळखू येते.

मात्र किट लेन्समध्ये बहुधा हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा असते. या चपट्या लेन्समध्ये ती नाही. त्यामुळे विषय स्थिर असेल, उदाहरणार्थ देवळाचा गाभारा, तर किट लेन्सच सरस ठरू शकते. इच्छुकाने आपल्या फोटोंची हलणारे आणि न हलणारे अशी विभागणी करावी. जेवून आडवे झालेले नातेवाईक दुसऱ्या गटात धरावेत.

पायरी पाचवी : तराजू

येथे 50 मिमी एफ/1.8 एसटीएम ही लेन्स आडवी येते. तिचे वजन 160 ग्रॅम, लांबी 39 मिमी, आणि एफ/2.8 च्या सुमारे 2.4 पट प्रकाश ती आत घेते. चपट्या लेन्सने वाचतात ते 30 ग्रॅम, म्हणजे साधारण एक बेसनाचा लाडू. केवळ वजनासाठी चपटी लेन्स घेणाऱ्याने आधी लाडू सोडून पाहावा. क्रॉप सेन्सरवर मात्र 50 ची दृष्टी 80 मिमीइतकी अरुंद होते आणि खोलीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

किट लेन्सशी तुलना केल्यास साधारण 75 ग्रॅम आणि 5 सेंटिमीटर वाचतात. बहुतेक खरेद्या या 5 सेंटिमीटरवर होतात, कारण लेन्स खिशात मावते. कॅमेरा मावत नाही.

पायरी सहावी : नवा कॅमेरा असल्यास

आरसा नसलेल्या ईओएस आर कॅमेऱ्यांत कड्यापासून सेन्सरचे अंतर 20 मिमी आहे. जुनी लेन्स तिथे लावायची, तर उरलेले 24 मिमी अडॅप्टरने भरून काढावे लागतात. हा अडॅप्टर 110 ग्रॅमचा असतो. म्हणजे 22.8 मिमीच्या लेन्सखाली 24 मिमीचा पाट मांडला जातो आणि पाटावरची मूर्ती पाटापेक्षा बुटकी ठरते. दोन्ही मिळून 46.8 मिमी आणि 240 ग्रॅम. आरएफ माउंटची 50 मिमी एफ/1.8 याहून आखूड आणि हलकी आहे. अशा कॅमेऱ्याच्या मालकाने 2023 साली आलेली आरएफ 28 मिमी एफ/2.8 पाहावी. ती 24.7 मिमी जाड आणि 120 ग्रॅमची आहे.

पायरी सातवी : घरची संमती

हौसेला मोल नाही, हे वचन खरेदीनंतर वापरायचे असते. आधी वापरल्यास हौसेचे मोल विचारले जाते. विक्रेत्यासमोर बोलले जाणारे बोके, शार्पनेस, कॉन्ट्रास्ट हे शब्द घरात उपयोगी पडत नाहीत. "आधीच्या लेन्सने काय बिघडवलंय?" या प्रश्नाला पायरी चार हे एकमेव प्रामाणिक उत्तर आहे. ते लागू नसेल तर गप्प बसावे.

पायरी आठवी : जुनी घ्यायची तर

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ओळखीतून वापरलेली लेन्स मिळू शकते. जाताना चार्ज केलेल्या बॅटरीसह स्वतःचा कॅमेरा न्यावा. या लेन्सची फोकस रिंग कॅमेऱ्याच्या विजेवर चालते; नुसती हातात घेऊन फिरवल्यास काहीच घडत नाही, आणि लेन्स बंद पडली आहे अशी समजूत होऊन भाव उगीच पाडला जातो. हे ग्राहकाच्या हिताचे असले, तरी शास्त्राला धरून नाही.

मग मोबाइलचा टॉर्च लावून भिंगातून आरपार पाहावे. धुळीचे दोन-चार कण माफ असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकण किनाऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास गाठते आणि भिंगावरचा लेप खाते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नाकारावी. चांगली मिळाल्यास हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी; चामड्याच्या पाकिटात पावसाळाभर ठेवू नये.

निकाल

आता वहीतला तिसरा निष्कर्ष काढावा. कॅमेरा गेल्या महिन्यात कितीदा कपाटाबाहेर आला, तो आकडा लिहावा. तो शून्य असेल, तर एकच प्रश्न उरतो : कॅमेरा जड आहे म्हणून तो आत राहिला, की काढण्यासारखे काही वाटले नाही म्हणून? पहिले कारण खरे असेल, तर चपटी लेन्स घ्यावी; 5 सेंटिमीटरने पिशवी लहान होते आणि लहान पिशवी खांद्यावर चढते. दुसरे खरे असेल, तर कोणतीही लेन्स घेऊ नये. आकडा दहाच्या वर असेल, तर कॅमेरा असाही बाहेर पडतो आहे. लेन्स घेतली काय, न घेतली काय, फोटो निघत राहतील.

लेन्स घेतल्यावर वर्षाने हीच मोजणी पुन्हा करावी. मोजताना पहिल्या दिवशीचे फोटो वगळावेत. ते लेन्सचेच असतात आणि मोबाइलने काढलेले असतात.