माणशी किती?

काकांना ‘माणशी किती?’ असं विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं ते गणपतीच्या वर्गणीच्या वेळी. मंडळाची पोरं घरटी वर्गणी मागत होती. काकांनी हा प्रश्न टाकला तसे पोरांचे चेहरे उजळले, कारण तेव्हा काकांच्या घरात सहा माणसं होती. पण काकांना वर्गणी माणशी द्यायची नव्हतीच. महाप्रसाद माणशी कितीला पडतो, ते त्यांना काढायचं होतं. ते काढलं, पोरांच्या हिशेबात चूक दाखवली, आणि वर्गणी घरटीच दिली.

माणूस चिक्कू नाही, हे आधीच सांगून टाकतो. चिक्कू माणूस खर्च टाळतो. काका खर्च करतात, पण एकट्याने केलेला खर्च त्यांच्या अंगी लागत नाही. आणि रिकामी सीट तर त्यांना बघवत नाही. पंगतीत मध्येच एखादं पान रिकामं राहिलं की पूर्वीच्या बायका कशा अस्वस्थ व्हायच्या, तसे काका मोकळी सीट बघून होतात.

याचं मूळ वडापात आहे. काका साताऱ्याकडचे. तिकडे वडाप म्हणजे माणशी पैसे घेऊन खच्चून भरलेली जीप. विदर्भ-मराठवाड्यात हिचीच चुलत बहीण काळी-पिवळी. वडापाला वेळापत्रक नसतं. ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. पुढे नोकरीसाठी डोंबिवलीला आले तर इथे शेअर रिक्षा तयारच होती. मागे तिघं आणि ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर चौथा. तो चौथा बहुतेक वेळा काका. “पुढं वारं लागतं,” म्हणतात. खरं कारण असं की पुढे बसलं की मागच्यांवर देखरेख करता येते. मीटरने रिक्षा करणाऱ्याकडे ते अजूनही, घरात कुणी आजारी आहे का, अशा नजरेने बघतात.

असा माणूस आमच्याबरोबर मॉरिशसला आला. खरं तर आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. काका, काकू, मी आणि बायको, अशी चार माणसं.

ट्रॅव्हल एजंटने विचारलं, “विमानतळ ते रिसॉर्ट प्रायव्हेट गाडी देऊ, की एसआयसी?” एसआयसी म्हणजे सीट इन कोच. एजंट लोकांचा हा रोजचा शब्द; गाडी नाही, गाडीतली सीट विकत घ्यायची. एजंटने समजावून सांगितलं, तसे काका खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे वडाप!” ते म्हणाले. एजंट म्हणाला, “एसी असतो सर.” काका म्हणाले, “असू दे, चालेल.” आणि मग, अर्थात, “माणशी किती?”

आकडा ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला की मी गुणाकार करायचा विसरलो. ही चूक पुढे महागात पडली.

सीट घ्यायची म्हटल्यावर बरंच काही लिहून द्यावं लागतं. विमानाचा नंबर द्यावा लागतो, कारण विमानाला उशीर झाला तर गाडीवाल्याला तो नंबरावरूनच कळतो. माणशी बॅग किती, तेही सांगावं लागतं. लहान मूल असलं तर त्याची खुर्ची आधी मागून ठेवायची. काकांनी व्हाउचरच्या तीन प्रती काढल्या. एक पिशवीत, एक खिशात आणि एक काकूंच्या पर्समध्ये, “समजा मी हरवलो तर.” काकू म्हणाल्या, “तुम्ही हरवलात तर मी प्रायव्हेट गाडी करीन.”

मुंबईहून सहा-सव्वासहा तासांचा प्रवास. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. उतरता उतरता काकांनी काटे फिरवले आणि जाहीर केलं, “दीड तास फुकट मिळाला.” शेजारच्या अनोळखी बाईंनाही सांगितलं.

तो दीड तास कुठे गेला, ते सांगतो. बाहेर आमच्या गाडीच्या कंपनीची मुलगी यादी अडकवलेला पुठ्ठा घेऊन उभी होती. यादीत बारा नावं. आम्ही चौघं, नागपूरचं एक नवं जोडपं आणि पॅरिसहून आलेलं चौघांचं कुटुंब हजर होतं. जोहान्सबर्गच्या विमानातून यायचे दोघं बाकी. ते आल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. काका मात्र घरी आल्यासारखे दिसत होते. गाडी भरेपर्यंत थांबायचं असतं, हे ज्ञान त्यांना त्या विमानतळावर सगळ्यांच्या आधीपासून होतं.

पंधरा मिनिटांनी ते त्या मुलीच्या शेजारी उभे राहिले. अर्ध्या तासाने यादीवर स्वतःच्या बॉलपेनने खुणा करू लागले. तासाभराने ती बिचारी पाणी प्यायला गेली, आणि परत येऊन बघते तो कंपनीच्या नावाचा फलक काकांच्या हातात. दोन हातांनी छातीशी धरलेला, शाळेतल्या फोटोत सर्वांत पुढचा मुलगा इयत्ता आणि तुकडीची पाटी धरतो, तसा. जोहान्सबर्गचं जोडपं आलं ते सरळ काकांकडेच. त्या उंच गृहस्थांनी गोल्फच्या काठ्यांनी भरलेली ढकलगाडी काकांच्या हवाली केली आणि त्यांच्या तळहातात एक नोट दाबली. काका क्षणभर नोटेकडे बघत राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, “परदेशातली पहिली कमाई.”

तर दीड तास झाला होता. फुकटातला होता, तो फुकट गेला.

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्सला आहे. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम पासष्ट किलोमीटर, पण बहुतेक चांगले किनारे प्रवाळाच्या कड्याच्या आत, त्यामुळे रिसॉर्टं सगळ्या कडेने पसरलेली. आम्ही उत्तरेला निघालो होतो. सरळ गेलं तर सव्वा तासाचा रस्ता. पण वडाप सरळ जात नाही. आधी बालाक्लावा, मग ट्रू ओ बिश, मग ग्रां बे, आणि सगळ्यांत शेवटी, बेट जिथे संपतं तिथे, आमचं गाव. त्याचं नाव काप मालरो. म्हणजे काय, असं बायकोने विचारलं. पॅरिसच्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं, “अभागी भूशिर.” त्यानंतर बराच वेळ बायको खिडकीबाहेर बघत होती.

बाहेर ऊस होता. उसात मध्येमध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग. काका ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. तिथे ते कसे पोचले ते कुणी पाहिलं नाही. सगळ्या गोष्टी सर्वांत सारख्या वाटाव्यात असं मानणाऱ्या या माणसाने पुढची सीट मात्र आजवर कुणाशी वाटून घेतलेली नाही. गाड्या डावीकडून चालत होत्या, त्यामुळे त्यांना ड्रायव्हरला सूचना देणंही सोपं जात होतं.

मागे वळून त्यांनी नागपूरच्या जोडप्याची चौकशी सुरू केली. नवरीच्या हातात अजून हिरवा चुडा होता. लग्न कुठे झालं, हॉल कुठला, पानं किती उठली, ताट कितीला पडलं. नवरा बिचारा आधी हळू आवाजात उत्तरं देत होता. मग त्यालाही चेव आला आणि केटररने जिलबीत कसं फसवलं ते तो सांगू लागला. नवरी माझ्या बायकोकडे बघून हसली. हनिमूनला निघालेल्या मुलीने पहिल्याच दिवशी बघावं असं ते दृश्य नव्हतं.

ड्रायव्हर पन्नाशीचा. काकांचं मराठी कानावर पडल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि छातीला हात लावून म्हणाला, “मराठी.” तोही मराठीच निघाला. मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत हे ऐकून होतो. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात. पण आपला ड्रायव्हरच मराठी निघेल असं वाटलं नव्हतं. त्याला मराठी बोलता येत नव्हतं, गाता येत होतं. गणपतीची आरती त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, उच्चार थोडे फ्रेंच अंगाचे. काकांनी डॅशबोर्डवर ठेका धरला. पॅरिसच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पोर्ट लुई आलं. बंदरालगतच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. ड्रायव्हरने बोट दाखवलं. आप्रवासी घाट तिकडे. 1834 पासून पुढे ऊसमळ्यांसाठी करारावर आणलेल्या लाखो माणसांपैकी कितीतरी इथेच बोटीतून उतरली. आता तो जागतिक वारसा आहे. वर यायला सोळा पायऱ्या. “माझे पणजोबा मुंबईहून बोटीत बसले,” तो मोडक्या हिंदीत म्हणाला. “गाव रत्नागिरीकडे कुठेतरी. नक्की माहीत नाही.”

“मिळायचे किती?” काकांनी सवयीने विचारलं. “माणशी?”

“पाच रुपये. महिन्याला,” ड्रायव्हर म्हणाला. “पहिल्या करारांत.”

काकांनी भागाकार केला नाही. सिग्नल सुटेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून जोहान्सबर्गवाल्यांची नोट काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. उतरताना ती त्यांनी ड्रायव्हरला दिली, हे मला काकूंकडून कळलं. काका कबूल करत नाहीत.

बालाक्लावाला पॅरिस उतरलं, ट्रू ओ बिशला गोल्फच्या काठ्या, ग्रां बेला नागपूर. प्रत्येक ठिकाणी फाटक, रखवालदार, लांबलचक बाग, स्वागतकक्ष, मग बॅगांची मोजणी. काका प्रत्येक रिसॉर्टवर उतरून आत जाऊन यायचे. “आपलं चांगलंय की यांचं, बघायला नको?” तिसऱ्या ठिकाणी त्यांना कुणीतरी फुलांचं सरबतही दिलं. प्रायव्हेट गाडीवाल्यांना एकाच रिसॉर्टचं सरबत मिळतं, हा मुद्दा त्यांनी नंतर आमच्यासमोर मांडला. काप मालरोला पोचलो तेव्हा सूर्य लाल छपराच्या चर्चमागे गेला होता.

पुढचे चार दिवस रिसॉर्टमध्ये सगळं पॅकेजमध्ये होतं, त्यामुळे काकांना करमेना. वाटून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका दुपारी ते आम्हाला ग्रां बेला ढोल पुरी खायला घेऊन गेले. डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी, आत कडधान्याची भाजी, तिखट चटणी; आपल्या पुरणपोळीची तिखट वाटेला लागलेली बहीण म्हणा. ती तिथे जोडीनेच देतात. काकांनी विक्रेत्याला विचारलं, “अर्धी जोडी कितीला?” त्याला वाटलं विनोद आहे. तो मनापासून हसला आणि जोडीच दिली. काका चार माणसांत दोन जोड्या कशा भागतात ते दाखवत राहिले. मी मुकाट्याने तिसरी जोडी घेतली.

त्याच संध्याकाळी स्वागतकक्षातून चिठ्ठी आली. परतीची गाडी विमानाच्या साडेपाच तास आधी. साडेपाच! कारण उघड होतं. वडाप आता उलट फिरणार. येताना जो शेवटी उतरला तो जाताना सगळ्यांत आधी चढणार, आणि मग ग्रां बे, ट्रू ओ बिश, बालाक्लावा, सगळे परत एकेक करून. अभागी भूशिराचा अर्थ आता मला नीट कळला.

मी कागदाच्या रुमालावर गुणाकार केला, जो मुंबईतच करायला हवा होता. प्रायव्हेट गाडीचा दर गाडीवर असतो, माणसावर नाही. एकट्यादुकट्याला सीट घेणं स्वस्त. पण चार सीटांचे पैसे एकत्र केले तर जवळजवळ अख्खी गाडी येते! मी रुमाल काकांसमोर धरला.

“मला ठाऊक होतं,” काका म्हणाले. “मुंबईतच.”

“मग?”

“मग काय? प्रायव्हेट गाडीत कोण बसलं असतं? तू, तुझी बायको, ही आणि मी. रोज लिफ्टमध्ये भेटतो, तेच चौघं. तेवढ्यासाठी सहा तास विमानात बसलो काय?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. बायकोला सुचलं. तिने परतीसाठी प्रायव्हेट गाडी ठरवून टाकली, रिसॉर्टमधूनच. विमानाच्या साडेतीन तास आधी निघायचं. दोन तास जास्त झोप. काकांनी विरोध केला नाही. फार सहज ऐकलं त्यांनी, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निघायच्या दिवशी बॅगा घेऊन खाली आलो तर फाटकाशी आठ सीटांची गाडी उभी. काका पुढच्या सीटवर बसून पट्टा लावून तयार. आणि मागे, हिरवा चुडा! येता येता गाडीने नागपूरच्या जोडप्याला ग्रां बेहून उचललं होतं.

“यांची व्हॅन दोन तासांपूर्वी येऊन गेली असती,” काका काच खाली करून म्हणाले. “म्हटलं, झोपू द्या पोरांना. मी रिसेप्शनला सांगून रद्द करवली. आपल्या गाडीत जागा आहेच.”

नवरा ओशाळून पैशांचं बोलू लागला. बायको माझ्याकडे बघत होती. मी खिशातून फोन काढला, गाडीचं भाडं टाकलं, सहाने भागलं. सांगायला लाज वाटते, पण आकडा बघून मला बरं वाटलं.

“माणशी किती आलं रे?” पुढून आवाज आला.

मी सांगितलं.

“अजून एक सीट रिकामी आहे,” काका म्हणाले, आणि बसस्टॉप आला तशी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.