नाशिकला न आलेली रेल्वे

नाशिकरोडचा माणूस खरेदीसाठी मेन रोडला निघाला, की घरात सांगतो, “जरा नाशिकला जाऊन येतो.” आता हा गृहस्थ राहतो नाशिकमध्येच. घरपट्टी भरतो नाशिक महापालिकेला, शिव्याही तिलाच देतो. तरी तो नाशिकला ‘जातो’ आणि संध्याकाळी ‘परत येतो’. घरातल्या कुणालाही यात काही वावगं वाटत नाही. या अलिप्तपणाचं मूळ शोधत गेलं, की पाय आपोआप स्टेशनाकडे वळतात.

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, तेव्हा जीआयपी रेल्वे कंपनीला ठाण्यात फारसा रस नव्हता. तिला खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. मधे सह्याद्री उभा होता. 1 जानेवारी 1865 रोजी कसारा-इगतपुरीचा थळ घाट खुला झाला आणि मुंबईची गाडी थेट वर येऊ लागली. या घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. आजही कसाऱ्याला गाडीच्या पाठीशी जादा इंजिनं लागतात आणि ढकलत ढकलत तिला वर आणून सोडतात. एवढा डोंगर चढून दमलेली गाडी पुन्हा नाशिकसाठी आठ-नऊ किलोमीटर वाट वाकडी करील, ही अपेक्षा जरा जास्तच होती. कापसाला काही रामकुंडावर स्नान करायचं नव्हतं. ज्यांना करायचं होतं, त्यांच्यासाठी नाशिकच्या रस्त्यावर एक स्टेशन ठेवलं गेलं : नाशिकरोड. पुढचं ज्याचं त्यानं पाहावं.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात अशी वेळ आली, तेव्हा काही गावांनी सरळ घरंच उचलली. घरं लाकडाची होती. ती ओंडक्यांवर चढवली आणि ओढत रुळांपाशी नेली. नाशिककरांना हे जमण्यासारखं नव्हतं. वाडे एक वेळ हलले असते. पण गोदावरी कशी हलवणार? काळाराम कसा उचलणार? आणि सगळं उचललं असतं, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या सांभाळणाऱ्या तीर्थोपाध्यायांना “उठा” म्हणायची छाती कुणाची होती? गाव जागेवर राहिलं, स्टेशनही जागेवर राहिलं.

मग दोघांमध्ये मध्यस्थ आला, तो म्हणजे ट्राम. 1889 च्या सुमाराला अडीच फुटी रूळ टाकून स्टेशनापासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत ती धावू लागली. डबे दोन, घोडे चार. सल्लागार इंजिनियर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. यांनीच पुढे 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. बार्शीचं दुखणंही नाशिकचंच होतं : मोठी रेल्वे कुर्डुवाडीहून निघून गेली होती आणि बार्शी बाजूला पडली होती. रेल्वेनं टाळलेल्या गावांची समजूत काढणं, हे या साहेबांचं खास काम असावं. बार्शीला निदान इंजिन मिळालं, आमच्या वाट्याला घोडे आले. मधल्या काळात प्लेग आला, दुष्काळ आले, ट्राम तोट्यात गेली आणि 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिनं निरोप घेतला.

तोवर स्टेशनाभोवती वस्ती धरू लागली होती. 1925 मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला. इंग्लंडात छापली जाणारी भारताची टपालतिकिटं तिथे छापली जाऊ लागली. 1928 पासून शेजारी नोटा छापायला सुरुवात झाली. त्याच नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृहही आहे. नोटा करणारे आणि नोटांपायी आत गेलेले, दोघांचीही सोय एका टांगाफेरीच्या अंतरात करणारं दुसरं गाव चटकन आठवत नाही. गावाच्या मुख्य चौकाला नाव दंतमंजनाचं : बिटको. त्याच बिटको घराण्यानं 1971 साली मुक्तिधाम बांधलं. संगमरवरी भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरले आणि बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती एका आवारात आणल्या. म्हणजे दर्शनासाठीही नाशिकला जायची फारशी गरज उरली नाही.

राहता राहिली मुंबई. तिची व्यवस्था 1 नोव्हेंबर 1975 ला झाली. मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि कचेरीच्या वेळेला मुंबईत पोहोचवते. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर. पासवाले हे अंतर असं सांगतात, की मेन रोडच त्यापेक्षा लांब वाटावा. गाडीत नाश्ते वाटले जातात, वाढदिवस होतात, लग्नं जमवली जातात. पासवाल्याला शेजारच्या बिऱ्हाडाचं नाव आठवायला वेळ लागेल, समोरच्या बाकावरच्या माणसाच्या मुलाचे दहावीचे मार्क तोंडपाठ असतात.

7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका एकत्र येऊन नाशिक महापालिका झाली. घाट चढून आलेल्या गाडीला नाशिक गाठायला एकशे सतरा वर्षं लागली, आणि तेही कागदावरच. आता जुन्या ट्रामच्या वाटेवर सलग दुकानं आणि इमारती आहेत. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी 2092 कोटी रुपये जाहीर झाले. तिच्या आराखड्यातला एक मार्ग शहरातून निघून नाशिकरोड स्टेशनलाच येऊन टेकतो. थोडक्यात, चार घोड्यांनी सोडून दिलेलं काम अजून कुणीतरी पुरं करायचं आहे.

माझं मत विचाराल, तर रेल्वेनं नाशिकला टाळलं ते बरंच झालं. गंगाघाटाच्या गल्ल्यांत मालधक्का आला असता, तर ना गल्ल्या राहिल्या असत्या ना घाट. एका शहराची दोन शहरं झाली, दोघांनाही आपापला तोरा मिळाला. येत्या सिंहस्थाला तुम्ही रेल्वेनं येणार असाल, तर जरूर या. फक्त स्टेशनात उतरल्यावर “आलो बुवा नाशिकला” असं म्हणू नका. रामकुंड अजून नऊ किलोमीटरवर आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.